गोठणगावची १० मार्च

झाडीपट्टीकर (धागाकर्ता)
२ मार्च, रात्री ९:४०

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला, तिबेटी निर्वासितांची एक वसाहत आहे. नाव नोर्ग्येलिंग. १९७२ साली वसली. तेव्हा गोंदिया वेगळा जिल्हा नव्हता, सगळा भंडाराच. १९९९ मध्ये जिल्हा वेगळा झाला, पण तिबेटी माणूस कुठलाही असो, या वसाहतीला तो आजही 'भंडारा' म्हणतो.

माझं गाव तिथून सायकलीच्या अंतरावर. आमच्या घरात सांगतात की पहिल्या पावसाळ्यात रोवणी कशी करतात हे या लोकांना माहीत नव्हतं, आणि माझ्या आजीनं बांधीत उतरून त्यांच्या बायकांना दाखवलं. जव पिकवणारी, याक राखणारी माणसं ती. गुडघाभर चिखल आणि झाडीपट्टीतलं ऊन त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. आता धान आमच्यासारखंच पिकवतात. दिवाळीच्या सुमाराला मात्र अर्धी वसाहत रिकामी होते. लुधियानाहून उधारीवर आणलेले स्वेटर घेऊन माणसं शहरोशहरी जातात आणि थंडी सरली की परततात. यंदा महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला होती आणि लोसार, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, १८ ला. प्रतापगडच्या जत्रेची गर्दी ओसरते न ओसरते तोच तिकडे नव्या पताका लागल्या.

हे सगळं लिहायचं कारण १० मार्च. १९५९ साली या दिवशी ल्हासात हजारो माणसं दलाई लामांच्या नोर्बुलिंग्का राजवाड्याभोवती गोळा झाली. चिनी लष्करी छावणीतल्या एका कार्यक्रमाला त्यांना अंगरक्षकांशिवाय बोलावलं होतं, आणि लोकांना घातपाताची भीती होती. १२ मार्चला ल्हासाच्या बायका रस्त्यावर आल्या. १७ च्या रात्री दलाई लामा शिपायाच्या वेषात बाहेर पडले, ३१ मार्चला तवांगच्या बाजूनं भारतात आले. मागे ल्हासात तोफा चालल्या. तेव्हापासून दर १० मार्चला तिबेटी माणसं जिथे असतील तिथे जमतात. आमच्या शेजारीही जमतात. मी लहानपणापासून ते रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहत आलो. आत कधी गेलो नाही. त्यांचा कार्यक्रम, आपण कशाला, असं वाटायचं.

यंदा मी आत जाणार आहे, आणि त्याला कारण वसाहतीतल्या एक आजी. त्यांच्या भाषेत आजीला मो-ला म्हणतात, मीही तेच म्हणतो. देश सोडला तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. आधी हिमाचलात रस्त्याच्या कामावर आईबरोबर खडी फोडली, मग इथे आल्या. गेल्या महिन्यात लोसारला भेटायला गेलो तेव्हा त्यांनी माझा मोबाईल मागितला आणि म्हणाल्या, नकाशात माझं गाव काढून दे. गावाचं नाव सांगितलं. मी देवनागरीत घातलं, रोमनमध्ये चार तऱ्हांनी घातलं. काही येईना. नकाशात तिबेटमध्ये दिसत होती त्यातल्या काही गावांची नावंही त्यांना वाचून दाखवली, त्यातलं एकही त्यांना ओळखीचं वाटलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "ही आमची नावं नाहीत."

ज्या मुलखात जन्म झाला त्याचं नाव नकाशावरून पुसलेलं, आणि ते शोधायला शेजारच्या गावातल्या पोराचा फोन मागावा लागतो. मला हे सहन होत नाही. इथल्या लोकांना विचारतो : तिबेटच्या स्वातंत्र्यलढ्याबरोबर आपण महाराष्ट्रातली माणसं उभी आहोत का? आणि उभं राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं?


रानपाखरू
२ मार्च, रात्री १०:१५

मी नागपूरची. शाळेत असल्यापासून दर हिवाळ्यात त्यांच्याकडून स्वेटर घेतलेत. ते आपल्याच विदर्भातले आहेत, धान पिकवतात, हे मला आज कळलं. फार अपराधी वाटलं. भाव करण्यापलीकडे मी त्यांच्याशी एक शब्द बोललेले नाही.


इतिहासवेडा
२ मार्च, रात्री ११:०२

झाडीपट्टीकर, धागा काढलात ते बरं झालं. आपल्या देशाचा हिशोब आधी मांडतो, कारण तो चोख नाही.

ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी फौजा पूर्व तिबेटमधल्या छाम्दोत शिरल्या. तिबेटनं नोव्हेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितली. हा विषय चर्चेला घ्या असं म्हणणारा देश होता एल साल्वादोर, मध्य अमेरिकेतला इवलासा. आपण, सख्खे शेजारी, म्हणालो की वाटाघाटींनी मिटेल, आणि विषय पुढे ढकलला गेला. २३ मे १९५१ ला बीजिंगमध्ये, तिबेट चीनचाच असं म्हणणाऱ्या सतरा कलमी करारावर तिबेटी प्रतिनिधींच्या सह्या घेतल्या. २९ एप्रिल १९५४ च्या करारात आपण 'चीनचा तिबेट प्रदेश' असे शब्द लिहून दिले, तिबेटमधल्या ग्यांत्से आणि यातुंगमधली आपली सैनिकी तुकडी काढून घेतली, तार-टपालाची व्यवस्थाही सोपवली. पंचशील, म्हणजे शेजाऱ्यांनी शांततेनं नांदायची पाच तत्त्वं, याच करारातलं. आचार्य कृपलानी नंतर म्हणाले की पंचशीलाचा जन्मच पापातून झाला. लोहियांनी तर चीनच्या आक्रमणाला शिशुहत्या म्हटलं होतं.

१९५९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत आयर्लंड आणि मलायानं तिबेटवर ठराव आणला. ४५ विरुद्ध ९ मतांनी तो मंजूर झाला. भारत तटस्थ. मात्र १९६५ च्या ठरावाला आपण पाठिंबा दिला, आणि भारताची बाजू महासभेत मांडली ती आपल्या महाराष्ट्राच्या रफिक झकेरियांनी. मधल्या काळात काय घडलं ते सांगायला नको. १९६२ घडलं. तिबेट्यांची हाक आपल्याला ऐकू आली ती आपल्या सीमेवर मार बसल्यावर.


निळी पहाट
३ मार्च, सकाळी ७:३०

वरच्या यादीत बाबासाहेब राहिले. २६ ऑगस्ट १९५४, राज्यसभा. परराष्ट्र धोरणावरच्या भाषणात त्यांनी पंतप्रधानांना तोंडावर सांगितलं की चीनला ल्हासा घेऊ देऊन तुम्ही चीनची सीमा भारताच्या सीमेला आणून भिडवलीत. आणि पंचशीलाबद्दल त्यांचा मुद्दा असा की पंचशील हा बुद्धाच्या धम्माचा गाभा आहे, माओंचा त्यावर विश्वास असता तर आपल्याच देशातल्या बौद्धांना त्यांनी वेगळं वागवलं असतं. करार होऊन चार महिनेही झाले नव्हते, बहुतेक देश पंचशीलाच्या कौतुकात होता.

आमच्या घरी हे भाषण वडील मोठ्यानं वाचून दाखवायचे. दीक्षाभूमीवर जाणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला तिबेट परका वाटूच शकत नाही. तिथे हजारो विहार उद्ध्वस्त झाले, भिक्खूंना चीवर उतरवायला लावलं, ग्रंथ जाळले. हे सारं ऐकताना माझ्या पोटात कालवतं. फक्त एक मनापासून सांगतो : बौद्ध म्हणून मला जवळीक वाटते, पण तिबेटी मुसलमानही आहेत, बोन या तिथल्या जुन्या परंपरेचे लोक आहेत. तो देश त्यांचाही आहे.


स्पष्टवक्ता
३ मार्च, सकाळी ११:४८

सगळ्यांच्या भावनांचा आदर आहे, तरी तीन गोष्टी विचारतो. एक, २००३ मध्ये वाजपेयींच्या चीन दौऱ्यात भारतानं तिबेट स्वायत्त प्रदेश चीनचा भाग असल्याचं लेखी मान्य केलं. मग आपण कुणाच्या भरवशावर बोलायचं? दोन, जुन्या तिबेटमध्ये मठांच्या आणि सरदारांच्या जमिनी होत्या, गोरगरीब रयत त्यांना बांधलेली होती. ते परत आणायचं का? तीन, खुद्द दलाई लामा स्वातंत्र्य मागत नाहीत. धाग्यात मात्र 'स्वातंत्र्यलढा' लिहिलंय.


झाडीपट्टीकर
३ मार्च, रात्री ९:१०

स्पष्टवक्ता, प्रश्न रास्त आहेत, उत्तरं देतो.

सरकारनं मान्य केलं म्हणून जनतेनं मान्य करावं असं नसतं. शिवाय त्या कागदावरचा 'तिबेट स्वायत्त प्रदेश' म्हणजे सगळा तिबेट नव्हे. खाम आणि आम्दो या तिबेटच्या पूर्वेकडच्या मुलखांचा मोठा भाग सिचुआन, छिंगहाय, गान्सू, युनान या चिनी प्रांतांत वाटून टाकलाय. २००९ पासून दीडशेहून अधिक तिबेट्यांनी निषेध म्हणून स्वतःला जाळून घेतलं, त्यातले सर्वांत जास्त ङाबाचे, आणि ङाबा सिचुआनमध्ये आहे.

जुन्या समाजात अन्याय होता. मो-ला स्वतः सांगतात, त्यांचे वडील दुसऱ्याची जमीन कसायचे. पण घरातली भांडणं मिटवायला शेजाऱ्यानं घरच बळकावलं तर त्याला सुधारणा म्हणतात का? पुढे निर्वासितांनी काय केलं तेही बघा. २ सप्टेंबर १९६० ला त्यांच्या पहिल्या निवडून आलेल्या प्रतिनिधींनी शपथ घेतली. जेमतेम दीड वर्ष झालं होतं देश सोडून, माणसं तंबूत राहत होती. २०११ मध्ये दलाई लामांनी आपला राजकीय अधिकार आपण होऊन सोडला आणि तो निवडून आलेल्या नेत्याकडे (आता त्याला सिक्योंग म्हणतात) गेला. गोठणगावजवळ भात लावणारी बाई त्या नेत्यासाठी मत देते. तिच्या नात्यातल्या ल्हासाच्या माणसाला ते देता येत नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. होय, दलाई लामा आणि निर्वासित प्रशासन 'उमे-लाम' म्हणतात, मधला मार्ग : चीनमध्ये राहून खरी स्वायत्तता. १९८८ ला स्ट्रासबर्गमध्ये त्यांनी ते जाहीर मांडलं. २००२ ते २०१० चीनशी बोलणी झाली, हाती काही लागलं नाही. दुसरीकडे 'रंगझेन', पूर्ण स्वातंत्र्य, म्हणणारे आहेत. १९७० मध्ये स्थापन झालेली तिबेटी युवक काँग्रेस त्यातली. मुंबई विद्यापीठात शिकलेला कवी तेनझिन त्सुंदू जानेवारी २००२ मध्ये मुंबईत चिनी पंतप्रधान उतरले होते त्या हॉटेलच्या परांचीवरून चौदाव्या मजल्यापर्यंत चढला आणि तिबेटच्या स्वातंत्र्याचा फलक फडकावला. तिबेट मुक्त होईपर्यंत तो डोक्याला लाल पट्टी बांधतो.

मो-लांच्या घरातच दोन्ही आहेत. त्या म्हणतात, कुंदुन (दलाई लामा) सांगतील ते. नातू म्हणतो, रंगझेन, दुसरं काही नाही. जेवायला दोघं एकत्र बसतात. या दोन्हींतला कुठला रस्ता घ्यायचा हे ठरवायचा अधिकार त्यांचा आहे, आणि मी पाठिंबा देतो तो त्या अधिकाराला. मी 'स्वातंत्र्यलढा' लिहिलं कारण १० मार्च १९५९ ला रस्त्यावर आलेली माणसं स्वातंत्र्याच्याच घोषणा देत होती. तो शब्द त्यांच्या वतीनं मागे घ्यायचा हक्क मला नाही.


मुंडगोडची वाट
४ मार्च, दुपारी १:२०

मी बेळगावचा, कामानिमित्त मुंडगोडला जाणं-येणं असतं. १९६६ च्या सुमाराला तिथे वसाहत झाली, म्हैसूर राज्यानं जमीन दिली, तेव्हा निजलिंगप्पा मुख्यमंत्री होते. ल्हासाजवळचे गान्देन आणि द्रेपुंग हे मठ तिथे नव्यानं उभे राहिले, सेरा बैलकुप्प्याला. मूळ मठांतून जीव वाचवून आलेल्या मोजक्या भिक्खूंनी आधी जंगल तोडलं, मका पेरला, आणि संध्याकाळी वादविवादाचे वर्ग भरवले. आज तिथे हजारो भिक्खू शिकतात.

पण कागदांचं दुखणं ऐका. माझ्या एका मित्राकडे निर्वासिताचं नोंदणीपत्र आहे, सगळे 'आरसी' म्हणतात. ते वेळेवर नवं करून घ्यायचं. परदेशी जायचं तर पासपोर्ट नाही, 'आयसी' नावाची पिवळी वही. विमानतळावर ती उलटसुलट करून बघतात आणि याला बाजूला बसवतात. जमीन भाडेपट्ट्याची. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस कायद्यानं जन्मतः भारतीय, म्हणून याला नागरिकत्व मिळू शकतं. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं एका तिबेटी तरुणीच्या बाजूनं तसा निकालही दिला. तरी तो अर्ज करत नाही. म्हणतो, सगळे भारतीय झालो तर तिबेटी म्हणून मागणी कोण करणार? त्याचा धाकटा भाऊ मात्र नागरिक झाला, बँकेचं कर्ज काढलं, घर बांधलं. दोघांचंही मला पटतं. आपल्याकडून व्हावं ते एवढंच की कागदामुळे कुणाची अडवणूक झाली तर सोबत कचेरीत जावं. मी दोनदा गेलोय, मराठी-कन्नड बोलणारा माणूस बरोबर असला की फरक पडतो.


सह्यकडा
४ मार्च, संध्याकाळी ६:०५

माझ्या मते आपण हे सगळं देशाच्या सुरक्षेच्या अंगानं मांडलं पाहिजे, तरच लोक ऐकतील. तिबेट स्वतंत्र असता तर आपल्या उत्तर सीमेवर एवढं सैन्य लागलंच नसतं. सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा तिथून येतात. ब्रह्मपुत्रेच्या वळणावर, तिबेटमधल्या मेदोगला, चीननं जुलै २०२५ मध्ये ६०,००० मेगावॉटच्या धरणाचं काम सुरू केलं. म्हणून चिनी मालावर बहिष्कार, हाच खरा पाठिंबा.


झाडीपट्टीकर
४ मार्च, रात्री १०:३०

सह्यकडा, धरणाची काळजी मलाही आहे. पण मला नेमकं याच मांडणीचं भय वाटतं. इतिहासवेडांनी वर दाखवलंय : १९५९ ला तटस्थ, १९६५ ला बाजूनं. सीमा दुखली की तिबेट आठवतो, सीमा शांत झाली की २००३ चा कागद लिहितो. तिबेटचं दुःख हे आपल्या कुंपणाचं लाकूड नाही. उद्या चीननं आपल्याशी सगळे तंटे मिटवले, नद्यांचं पाणी लिहून दिलं, तर मो-लांच्या गावाचं काय? तेव्हाही मला त्यांच्याकडेच उभं राहायचंय.

आणि सुरक्षेचंच बोलायचं तर तिबेट्यांनी आपल्यासाठी रक्त सांडलंय, हे आधी सांगा. १९६२ च्या नोव्हेंबरात त्यांना घेऊन भारताची स्पेशल फ्रंटियर फोर्स उभी राहिली, १९७१ मध्ये ती चितगावच्या डोंगरांत बांगलादेशसाठी लढली. ऑगस्ट २०२० मध्ये लडाखमध्ये त्या दलाचे न्यिमा तेनझिन सुरुंगाच्या स्फोटात गेले. लेहमध्ये त्यांच्या पेटीवर तिरंगा होता आणि हिमसिंहांचा तिबेटी झेंडाही. तो झेंडा तिबेटमध्ये घरात सापडला तर तुरुंग आहे.

बहिष्कार ज्याला करायचा त्यानं करावा. पण चिनी माणसाचा द्वेष नको, वसाहतीत मी तो कधी ऐकला नाही. आपण ज्यावर बोलावं त्या गोष्टी मला वेगळ्या वाटतात. पंचेन लामा (दलाई लामांच्या खालोखालचे धर्मगुरू) म्हणून ओळखलेला गेधुन छोक्यी न्यिमा १७ मे १९९५ ला सहा वर्षांचा असताना उचलला गेला, तो पुन्हा कुणाला दिसलेला नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी सांगितलं की सुमारे दहा लाख तिबेटी मुलं सरकारी निवासी शाळांत आहेत, घरच्या भाषेपासून तुटलेली. मी शिक्षक आहे. आपल्याकडे मराठी शाळा बंद पडते तेव्हा आपण केवढे कळवळतो, आणि ते रास्तच आहे. तिथे पाच-सहा वर्षांचं लेकरू सुट्टीत घरी येतं आणि आजीशी बोलता येत नाही.


नकाशेवाला
५ मार्च, सकाळी ८:५५

झाडीपट्टीकर, तुमच्या पहिल्या पोस्टमधलं नकाशाचं डोक्यातून जाईना. मी नकाशांचंच काम करतो. अडचण अशी आहे की बहुतेक नकाशे चिनी उच्चारानुसार नावं देतात. शिगात्से शोधलंत तर 'रिकाझे' सापडेल. छाम्दोचं 'छांगदू', ङारीचं 'आली', ल्होकाचं 'शाननान'. २०२३ पासून तर चीन सरकार इंग्रजी कागदांतही तिबेटऐवजी 'शीझांग' लिहितं. त्यामुळे छोट्या गावाचं तिबेटी नाव घालून हाती काही लागणार नाही. आजींना गावाचं नाव विचारू नका. जवळ कुठला मठ होता, नदी कुठल्या हाताला होती, बाजाराला कुठे जायचे, हे विचारा.


झाडीपट्टीकर
६ मार्च, रात्री ९:२५

विचारून आलो. मठ साम्ये. नदी मोठी, तिला त्या त्सांगपो म्हणतात, म्हणजे आपली ब्रह्मपुत्रा. मठ पलीकडे, गाव अलीकडे. कातड्याच्या होडीतून पलीकडे जायचे. वाऱ्यानं वाळू उडायची, गावाच्या मागे वाळूच्या टेकड्या होत्या.


नकाशेवाला
७ मार्च, सकाळी ७:४०

मग ल्होका नक्की. साम्ये त्सांगपोच्या उत्तर काठावर, म्हणजे गाव दक्षिण काठावर. 'शाननान'च्या पश्चिमेला 'झानांग' बघा, तेच त्यांचं द्रानांग. वाळूच्या टेकड्या उपग्रहाच्या चित्रात स्वच्छ दिसतात. दुवा आणि खुणा केलेलं चित्र तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवलंय. गावांना मी नावं घातलेली नाहीत, ती त्यांना घालू द्या.


रानपाखरू
८ मार्च, रात्री ८:१२

मी १० तारखेला येतेय. नागपूरहून पहाटे निघू. अजून दोघी बरोबर आहेत. काय आणावं?


झाडीपट्टीकर
८ मार्च, रात्री ८:४०

काही आणू नका, फक्त वेळेवर या. कुणी पांढरी 'खाता' (मानाचं उपरणं) गळ्यात घातली तर हात जोडून घ्या. घोषणा 'भोद ग्यालो' अशी असते, तिबेटचा जय असो. ज्याला म्हणावीशी वाटेल त्यानं म्हणावी.


झाडीपट्टीकर
११ मार्च, सकाळी ६:१५

काल आम्ही बाहेरची माणसं अकरा होतो. रानपाखरू आणि त्यांच्या मैत्रिणी, निळी पहाट नागभीडहून वडिलांना घेऊन आले, बाकी माझ्या शाळेतले सहकारी. सकाळी झेंडा चढला, धरमशालेहून, निर्वासित प्रशासनाकडून, आलेलं निवेदन वाचलं गेलं, मृतांसाठी सगळे उभे राहिले. निळी पहाट यांच्या वडिलांनी बाबासाहेबांच्या भाषणातला तो उतारा मराठीत वाचला. वसाहतीतल्या पन्नाशीच्या पुढच्यांना मराठी चांगलं येतं, त्यांनी तरुणांना तिबेटीत सांगितलं.

दुपारी मो-लांच्या घरी गेलो. नकाशेवाल्यांनी पाठवलेलं चित्र नातवानं मोठ्या पडद्याचा फोन आणून लावलं. त्यांनी आधी नदी ओळखली, मग वाळूच्या टेकड्या. तिथून बोट खाली आणत एका वळणाशी थांबल्या. नातवाला जवळ बसवलं आणि तीन घरांची नावं सांगितली, मग ओढ्याचं, मग धान्य दळायला जायचे त्या जागेचं. तो लिहायला लागला तेव्हा त्यांनी त्याला थांबवून एक अक्षर दुरुस्त केलं. मीही ती नावं वहीत देवनागरीत लिहून घेतली. पाच वाजेपर्यंत एकवीस झाली. आज शाळा सुटली की पुन्हा जाणार आहे, त्यांना अजून आठवतायत.